छोट्या प्लॉटची कंपाउंड भिंत दर पावसाळ्यात बाहेर झुकते: कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधून तीन-चार पावसाळे झाले की ही तक्रार हमखास येते. कंपाउंडची भिंत रस्त्याकडे किंवा शेजाऱ्याकडे कलते. आतल्या बाजूने जमिनीलगत आडवी चीर पडते. गेटची दोन पाती एकमेकांवर चढतात, कडी लागत नाही. मग गवंडी चीर खोदून सिमेंट भरतो, वेल्डर बिजागरी कापून पुन्हा बसवतो, वरून रंग होतो. पुढच्या श्रावणात चीर पुन्हा तिथेच दिसते.

याचं कारण क्वचितच भिंतीच्या बांधकामात असतं. ते भिंतीच्या खाली आणि मागे असतं, आणि प्लॉट लहान असल्यामुळेच तयार होतं. भिंतीचा पाया भिंतीपेक्षा रुंद लागतो, पण भिंत हद्दीच्या रेषेवर घेतली की पायाचा बाहेरचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या जागेत घालता येत नाही. तो नुसता आत सरकवला की भिंत पायाच्या बाहेरच्या कडेवर उभी राहते, कडेखालची माती जास्त दबते आणि भिंत बाहेर कलते. त्यात गाडी लावायला किंवा पेव्हिंग ब्लॉक बसवायला आत दोन-तीन फूट भराव पडतो. छताचं पाणीही याच भरावात जिरतं, कारण त्याला दुसरी वाट ठेवलेलीच नसते.

आधी निदान

ओळंबा घ्या. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, दोन टोकांना आणि मध्ये, माथ्यापासून दोरी सोडा आणि माथा तळापेक्षा किती मिलिमीटर बाहेर आला आहे ते मोजा. तीच जागा भिंतीवर खूण करून ठेवा. हे माप तीनदा घ्यायचं: मे अखेर, ऑगस्ट अखेर आणि डिसेंबरात. कल पावसाळ्यात वाढून पाऊस सरल्यावर थोडा परत येत असेल, तर मुख्य दोष खालच्या काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यात आहे. तो परत न येता दरवर्षी वाढतच असेल, तर आतला भराव आणि पाणी भिंत ढकलत आहेत, किंवा पाया कडेवर दबतो आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे शक्य असेल तर एका मोसमाचा हा खटाटोप टाळू नका.

चिरा कशा आहेत त्यावरूनही बरंच कळतं. आतल्या अंगाला, भरावाच्या तळाशी आडवी चीर असेल तर भिंत मागून ढकलली जाते आहे. उभी चीर वर रुंद आणि खाली बारीक असेल तर मधला भाग फुगला आहे किंवा टोकं खचली आहेत. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर मधला भाग खचला आहे. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची उभी चीर बहुधा लांब भिंतीत सांधा न ठेवल्याची असते आणि तिची फारशी काळजी करायला नको. गेटच्या खांबाजवळ विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली चीर गेटच्या वजनाची. चीर अजून हलते आहे का हे पाहायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी इपॉक्सीने आडवी चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे.

मग आतल्या बाजूने भिंतीला लागून दोन फूट बाय दोन फुटांचा एकच खड्डा घ्या आणि पाया प्रत्यक्ष बघा. किती खोल आहे, किती रुंद आहे, खाली काळी माती आहे की मुरूम. खड्डा लांबीला यापेक्षा मोठा नको आणि पावसात तर अजिबात नको, कारण आधीच कललेल्या भिंतीचा पाया आपणच उघडा करत असतो. दीड फूट पाया आणि खाली काळी माती हे बऱ्याच ठिकाणी दिसतं.

काळ्या मातीबद्दल शंका असेल तर मुक्त फुगवट्याची चाचणी स्वस्त आहे. माती भट्टीत वाळवून बारीक चाळणीतून चाळतात. प्रत्येकी १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत, एकीत रॉकेल आणि दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी घालून २४ तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातलं घनफळ रॉकेलातल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त भरलं तर माती फुगणारी समजा. १०० टक्क्यांच्या वर असेल तर उथळ पाया तिथे टिकणार नाही. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ आणि नगर-नाशिककडच्या बऱ्याच पट्ट्यांत ही चाचणी केल्याशिवाय कंपाउंडचा पाया ठरवू नये. कोकणात जांभ्यावर हा प्रश्न उद्भवत नाही; तिथे भिंत पडते ती बहुधा पाण्याने.

भराव नेमका किती ढकलतो

समजा आत ३ फूट मुरमाचा भराव आहे. तो कोरडा असताना भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २४५ किलोचा आडवा दाब येतो. पाणी तुंबून तोच भराव गच्च भिजला की दाब ५४० किलोच्या आसपास जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. हा दाब तळापासून साधारण एक फूट उंचीवर काम करतो, त्यामुळे भिंत उलटवणारा जोर (किलोतला दाब गुणिले मीटरमधली उंची; हे अंतराचं किलोमीटर नव्हे) कोरड्या भरावात ७४ किलो-मीटर आणि भिजलेल्यात १६२ किलो-मीटर होतो. याच्या विरुद्ध ९ इंची विटांची, भरावाच्या तळापासून ५ फूट उंच भिंत मीटरला सुमारे ६७० किलो भरते आणि स्वतःच्या वजनाने फक्त ७७ किलो-मीटर जोर पेलते. उन्हाळ्यात जेमतेम उभी असलेली भिंत ऑगस्टमध्ये का कलते याचा हिशेब इतकाच आहे. एक हजार चौरस फूट छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येतं, आणि त्याचा पाइप भिंतीलगतच सोडलेला असेल तर भराव गच्च व्हायला एक रात्र पुरते.

हल्ली स्वस्त म्हणून घेतली जाणारी रेडीमेड सिमेंट फळ्यांची भिंत भरावासाठी नसतेच. खाचेत सरकवलेली दोन इंची फळी वारा अडवते, माती नाही. तिच्यामागे एक फूटही भराव टाकू नये.

नियम आधी, खोदाई नंतर

बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कंपाउंडच्या बाबतीत तिची चौकट राष्ट्रीय इमारत संहितेसारखीच आहे. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून भिंतीची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर. वरचे ०.९ मीटर जाळी किंवा ग्रिलसारखे आरपार दिसणारे असतील तर एकूण २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. कोपऱ्याच्या प्लॉटवर चौकाच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, उरलेले ०.७५ मीटर हवे असतील तर ग्रिल, म्हणजे वळणावर येणारी गाडी दिसते. गेटचं पातं पूर्णपणे आत उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही.

उंची रस्त्यापासून मोजायची आहे, आपल्या अंगणापासून नाही. आत तीन फूट भराव टाकला की पाच फुटांची भिंत आतून दोन फुटांची दिसू लागते. मग मालक वर आणखी चार-पाच थर चढवतो. नियमही मोडतो, आणि आधीच कडेवर उभ्या असलेल्या पायावर वजन वाढतं. आडोसा हवा असेल तर वर ग्रिल लावून त्यावर वेल सोडा.

हद्द हा दुसरा मुद्दा. लेआउटच्या वेळचे दगड हललेले असतात, जुनं तारकुंपण तर हद्दीचा पुरावाच नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, भूकरमापकाने दाखवलेल्या खुणांवर लोखंडी पेग ठोका आणि ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्याशिवाय चुना टाकू नका. महापालिका किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. समोरच्या रस्त्याचं रुंदीकरण दाखवलेलं असेल तर भिंत रुंदीकरणानंतरच्या रेषेवरच उभी करा. पाडून नव्याने बांधायची असेल तर परवानगी लागते का, हे त्याच खेपेत लेखी विचारून घ्या. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती लागेल, आणि बाहेरून गिलावा करायला त्याच्या अंगणात शिरावं लागतं, त्याचीही.

किती कलली तर काय करायचं

पायाच खचलेला नसेल तर एक ढोबळ मर्यादा वापरता येते. भिंतीचा माथा तिच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त बाहेर आला की भिंतीच्या वजनाची रेषा जाडीच्या मधल्या तृतीयांशाबाहेर जाते आणि आतल्या अंगाला ताण येतो. विटेच्या जोडकामाला ताण सोसत नाही. ९ इंची भिंतीला ही मर्यादा ३ इंच, ६ इंची ब्लॉकला २ इंच, साडेचार इंची भिंतीला दीड इंच. त्या पलीकडे गेलेली भिंत दुरुस्त करायची नसते. तिच्याखालून मुलं आणि गाड्या लगेच हलवा आणि ती उतरवा.

पाऊण इंचाच्या आत असेल तर फक्त पाणी आणि भराव यांचा बंदोबस्त पुरेसा होतो. भिंतीमागचा भराव एक फूट रुंदीत, तळापर्यंत, एका वेळी पाच-सहा फूट लांबीचाच काढा. जिओटेक्स्टाइलचं (पाणी सोडणारं, माती अडवणारं) कापड अंथरा, तळाशी ४ इंची भोकांचा पीव्हीसी पाइप १०० ला १ उताराने टाका, वर २० मिलिमीटर खडी भरा, कापड वरून दुमडा आणि मग सहा इंच मुरूम चोपा. रस्त्याकडच्या भिंतीला ३ इंची पाइपची निचरा छिद्रं दर पाच फुटांवर, बाहेर उतार देऊन ठेवता येतात. शेजाऱ्याकडच्या भिंतीला ती ठेवता येत नाहीत, कारण आपलं पाणी त्याच्या अंगणात सोडण्याचा हक्क आपल्याला नाही. तिथला भोकांचा पाइप भिंतीला समांतर नेऊन पुढच्या गटारातच उतरवावा लागतो. छताच्या पाण्याचा पाइप मात्र या निचऱ्यात जोडू नका. त्याला स्वतंत्र, भोकं नसलेला पाइप.

पाऊण इंच ते मर्यादा यांच्या मधल्या भिंतीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कारण ठरलेला सल्ला असतो: ‘आतून टेकू द्या.’ भिंत बाहेर पडते आहे आणि टेकू आत आहे. विटांचा टेकू भिंतीला नुसता चिकटवलेला असतो. भिंत त्याच्यापासून सुटून बाहेर जाते आणि दोघांमध्ये उभी फट दिसू लागते. बाहेरून टेकू दिला तर तो काम करेल, पण तिथे शेजाऱ्याची जागा किंवा फूटपाथ आहे. म्हणून आतून द्यायचा असेल तर तो धरून ओढणारा हवा: दर ८ फुटांवर ९ बाय ९ इंचांचा आरसीसी कॉलम, त्याखाली आतल्या बाजूला ३ फूट लांबीची फूटिंग (कॉलमचा रुंद काँक्रीट पाया), आणि भिंतीत रासायनिक अँकरने (भोकात सळई चिकटवणाऱ्या रसायनाने) घट्ट बसवलेल्या १० मिलिमीटरच्या सळ्या, उभ्या अंतराने दर १६ इंचांवर, भिंतीत किमान सहा इंच आत. विटा भुसभुशीत असतील तर अँकर धरत नाही. अशा वेळी पाडून बांधणं स्वस्त पडतं, हे सांगायला ठेकेदार सहसा तयार नसतो.

नव्याने बांधायची झाली तर

पायाचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत घ्या. मे महिन्यात काळी माती भेगाळलेली असते. तेव्हा घातलेला उथळ पाया जूनमध्ये ती उचलते.

भिंतीचं बाहेरचं अंग हद्दीला लावा आणि कॉलमची फूटिंग पूर्णपणे आत घ्या. आता हाच एकतर्फी पाया कामाला येतो: भराव फूटिंगवर बसतो आणि त्याच्या वजनाने कॉलम उलटत नाही. त्यासाठी कॉलम आणि फूटिंग एकसंध आरसीसीत, फूटिंगची जाळी कॉलमच्या सळ्यांना बांधलेली हवी. कॉलमखाली नुसते विटांचे थर ठेवून हे जमत नाही.

४० फूट लांबीच्या, जमिनीवर ५ फूट उंच एका बाजूसाठी ८ फुटांवर ६ कॉलम येतात. खोदाई ५ फूट. तळाची काळी माती आणखी ६ ते ८ इंच काढून तिथे मुरूम पाणी मारून चोपायचा, वर ४ इंच पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट). फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याचं तंत्र आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केलं. आपल्याकडचा चांगला, किंचित चिकट मुरूम त्यासाठी चालतो, नुसती वाळू नाही, कारण वाळू पाणी साठवून खालच्या मातीला पाजते. फूटिंग ३ फूट बाय ३ फूट बाय १ फूट, कॉलम ९ बाय ९ इंच, १२ मिलिमीटरच्या ४ सळ्या, ८ मिलिमीटरच्या रिंगा ६ इंचांवर. जमिनीलगत कॉलमना जोडणारा ९ बाय ९ इंचांचा आडवा प्लिंथ बीम, त्यावर भिंत.

बीमखाली ३ ते ४ इंच पोकळी ठेवायची. इथेच बहुतेक कामं फसतात. गवंडी बीम थेट मातीवर ओततो, माती फुगली की बीम उचलते आणि दोन कॉलमच्या मध्ये भिंतीला चीर जाते. पोकळीच्या दोन्ही बाजूंना शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावा, म्हणजे माती आत घुसत नाही. काळी माती फार खोल असेल तर फूटिंग सोडून फुगीर तळाचे पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्या. ते साडेतीन मीटर किंवा जास्त खोल जातात आणि तळाचा फुगा दांड्याच्या अडीचपट व्यासाचा असतो. कंपाउंडसाठी हे महाग वाटेल, पण गेटच्या दोन खांबांपुरते तरी परवडतात.

या ४० फुटांना एम २० दर्जाचं काँक्रीट सुमारे ३ घनमीटर लागतं: सिमेंट २४ पोती, वाळू साधारण अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी एक ब्रासला थोडी कमी, सळई २०० किलोच्या आसपास. मधलं काम ६ इंची ब्लॉकचं केलं तर ४०० बाय २०० मिलिमीटरचे सुमारे २१५ ब्लॉक, फूटतूट धरून. दर २५-३० फुटांवर जोड कॉलम (शेजारी-शेजारी दोन) घेऊन मध्ये पाऊण इंचाचा सांधा सोडा. भराव ३ फुटांच्या वर जात असेल तर हे सगळं विसरा. ती कंपाउंड भिंत राहत नाही, रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) होते आणि तिचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनियरनेच करायचं.

गेटचे खांब भिंतीपासून पाऊण इंचाच्या सांध्याने वेगळे ठेवा, १२ बाय १२ इंचांचे घ्या आणि दोघांना जमिनीखालून बीमने जोडा. मग भिंत हलली तरी पाती चढत नाहीत. पाती आत उघडायची, आणि आत गाडी उभी, असा पेच असेल तर सरकतं गेट सुचवलं जातं. पण १२ फुटांच्या गेटला बाजूला तेवढीच सरळ, अडथळा नसलेली भिंत लागते. २० फूट दर्शनी रुंदीवर ते बसत नाही. तिथे आत घडी होणारं फोल्डिंग गेट.

जाळीच्या कुंपणाचे खांब

याचं थोडक्यात. काळ्या मातीत खांबाभोवतीचं काँक्रीट वर रुंद आणि खाली निमुळतं झालं की माती त्याला खालून धरून उचलते. खड्डा उलटा हवा: तळाशी रुंद, वर सरळ आणि गुळगुळीत. खांबाचा लोखंडी अँगल ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटर, अडीच फूट जमिनीत, ८ फुटांवर. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही दिशांना तिरके टेके नसतील तर तार ताणल्याबरोबर तो आत झुकतो.

साइड मार्जिनमधला डेक

बैठकीसाठी साइड मार्जिन (घर आणि कंपाउंड यांच्यामधली बाजूची मोकळी जागा) घराच्या जोत्याइतकी उंच करून घेण्याची सध्या चाल आहे. भराव टाकून ती उंच केली की वरचा सगळा हिशेब पुन्हा लागू होतो. डेक हवाच असेल तर तो पेडेस्टलवर (सुट्या छोट्या पायांवर) घ्या, जमीन होती त्याच पातळीला ठेवून. डेकचं वजन मग थेट खाली जातं, भिंतीला आडवा दाब बसत नाही आणि पाणी खालून वाहतं. वर छप्पर टाकू नका, मार्जिन आकाशाला उघडीच राहिली पाहिजे. कायम जोडलेलं ओट्यासारखं बांधकाम केलं तर मार्जिन व्यापल्याची नोटीस येऊ शकते.

३ मीटर बाय १.२ मीटरच्या डेकला १४६ मिलिमीटर रुंदीच्या ८ डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) फळ्या लागतात, मध्ये ५ मिलिमीटरची फट. खालचे आधाराचे सेक्शन ३०० मिलिमीटरवर, म्हणजे ११ नग. ४०० वर घेतले तर उन्हात फळी मध्ये बसते. प्रत्येकाखाली तीन, असे ३३ पेडेस्टल. स्टेनलेस क्लिप ७७, आणि त्या ३०४ दर्जाच्याच. लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत फळीवर तांबडे ओघळ सोडतात. भिंतीपासून १० ते १२ मिलिमीटर अंतर सोडा. डब्ल्यूपीसी उष्णतेने लांबते आणि जागा नसेल तर फळ्या मधून उचलतात, मग दोष फळीला दिला जातो. ड्रेनेजच्या चेंबरवरचा चौकोन उचलता येईल असा वेगळ्या फ्रेमवर ठेवा, नाहीतर पहिल्या तुंबण्याला प्लंबर करवतीने तो कापून काढेल.